ब्लोअरचा हलका आवाज

तळहातावर मावणाऱ्या ब्लोअरचे मला अकरा आवाज काढता येतात. छताच्या पंख्याचं म्हणत नाही मी, तो आवाज शेंबडं पोरगंबी काढेल. मी म्हणतोय तो काळा, प्लास्टिकचा, गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा बारा व्होल्टचा ब्लोअर. मधल्या भोकातून वारा ओढतो आणि बाजूच्या चौकोनी तोंडातून फेकतो. इन्व्हर्टरमध्ये असतो, बिल छापायच्या मशिनीत असतो, मागाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असतो. डब्यातली सर्किटं तापू नयेत म्हणून बिचारा सारखा फुंकत बसतो, आणि मेल्याशिवाय तो आत होता हे कुणाला कळत नाही.

तेल वाळलेला ब्लोअर 'किर्र किर्र' करतो. पात्याला वायर लागत असली तर 'टर्रर्र'. बेअरिंग गेलेला आधी कण्हतो, मग ओरडतो, मग एकदम गप होतो, थेट आमच्या शाळेतल्या शिपायासारखा. हे सगळं मी ओठ, दात आणि अर्धं नाक वापरून काढायचो. गिऱ्हाईक हसायचं आणि हसता हसता मशीन ठेवून जायचं.

नकलेची खोड सांगोल्याच्या शाळेतली. सुरुवात आमच्याच शेळ्यांपासून झाली आणि मजल हेडमास्तरांच्या खाकरण्यापर्यंत गेली. एकदा ते खाकरणं एवढं हुबेहूब निघालं की अख्खा वर्ग उठून उभा राहिला. उभे राहिले ते मला बघून नाही, माझ्या पाठीमागं खरे हेडमास्तर आले होते म्हणून. आई म्हणायची, "आरं, सगळ्यांचं आवाज काढतोयस, तुझा सोताचा कुटला हाय त्यो तरी ठिवलायस का न्हाय?"

आयटीआय झालं आणि मी सोलापुरात उस्तादांच्या दुकानात लागलो. उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. साठीचे, चष्मा कायम कपाळावर, बोलणं दखनी. माझं नाव दुकानाबाहेर झालं ते फोनमुळं. गिऱ्हाईकाचा फोन आला की मी म्हणायचो, "फोन मशिनीजवळ धरा." पाच सेकंद ऐकायचो आणि सांगून टाकायचो की बेअरिंग गेलंय, वायर अडकलीय, नाहीतर पाल आत शिरलीय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पाल तर दोनदा निघाली.

उस्तादांना हे पटायचं नाही. त्यांच्याकडं टॉवेल पॅक करायची एक प्लास्टिकची पिशवी होती, कारखान्यातली, जाड. कुठलाबी ब्लोअर आला की ते पिशवी दाबून चपटी करायचे, तोंड ब्लोअरच्या तोंडाला रबरानं बांधायचे आणि चिमट्यानं टेबलावर टकटक करत मोजायचे. एक, दो, तीन. पिशवी फुगून ताठ उभी राहिली की थांबायचे. जेवढे आकडे कमी, तेवढा वारा जास्त. मग तीच पिशवी ब्लोअर डब्यात बसवल्यावर पुन्हा लावायचे.

"आता कशाला, उस्ताद? टेबलावर मोजला की."

"टेबल पे तो सब पहलवान रहते रे. लेबल पे जो हवा लिखी, वो मैदान की हवा है. डब्बे में जाली, वायर, कचरा, सब आडे आते. वहाँ कितनी फेंकता, वो देख."

ते मला समजायचं. टेबलावर वाघ, डब्यात शेळी. पण कान असताना पिशवी कशाला, हे काही समजायचं नाही. उस्ताद नमाजला गेले की मी चष्मा कपाळावर चढवून, चिमटा वाजवत, त्यांची नक्कल करायचो, "कान की बात नक्को बोल रे. थैली झूट नै बोलती." शेजारचा पानवाला पोट धरून हसायचा.

एका वर्षी मे महिन्यात आमच्याकडं गावाच्या पूर्व भागातून एका मशिनीचं काम आलं होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, घरात ठेवायचं, चाकं असलेलं. एका म्हाताऱ्या विणकराचं होतं. चाळीस वर्षं मागावर काढलेली, रुई छातीत बसलेली. अख्खी गल्ली त्यांना ताता म्हणायची, म्हणजे तेलुगूत आजोबा. नाकाला नळी लावून ते दिवसभर पलंगावर टेकून बसायचे. मशिनीतला ब्लोअर जळाला होता आणि कंपनीचा माणूस पार्ट घेऊन यायला आठ दिवस म्हणत होता. उस्तादांनी त्याच मापाचा, तितक्याच वाऱ्याचा ब्लोअर शोधून आणला, पिशवी लावून मोजला, आणि मला घरी पाठवून बसवून घेतला.

घर वरच्या मजल्यावर, अरुंद लोखंडी जिना. खाली खोलीत टॉवेलांच्या कडा शिवायचं काम चालायचं. ते काम तातांची सून बघायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. नवरा सुरतेला मागावर, म्हणून घर, काम आणि सासरे, तिघंबी तिच्या एकटीच्या गळ्यात. घरात जिकडं बघावं तिकडं टॉवेलचा कपडा. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपडं, टीव्हीला पदर, गॅसच्या टाकीला झबलं. आमच्या सोलापुरात वस्तू विकत घेतली की आधी तिचं बारसं होतं आणि मग तिला टॉवेल नेसवतात.

ब्लोअर बसवताना मी माझ्या डोक्यानं एक जास्तीचं काम केलं. उस्तादांना न विचारता. घरात एवढी रुई उडतीय म्हणून कूलरच्या स्पंजचा एक तुकडा कापून आत, ब्लोअरच्या ओढायच्या भोकावर चिकटवला. बाहेरची जाळी होतीच, वर हा आणखी एक पहारेकरी. आणि निघताना एखाद्या डॉक्टरासारखा आवाज काढून म्हणलं, "धूळ आत जाता कामा नये. नायतर पुन्हा मला बोलवावं लागेल, आणि मी पैसे लई खातो."

अक्का हसली. ताता त्याहून हसले आणि खोकले. त्यांना दोन शब्द बोलायला एक श्वास लागायचा, म्हणून ते बोलायचे कमी. पण जिभेनं टाळूवर मागाचा आवाज काढायचे. 'टॉक-टक, टॉक-टक.' त्याला श्वास लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी ओठानं ब्लोअर वाजवला, त्यांनी जिभेनं माग. पाच मिनिटं आमचा कारखाना चालला.

"दोघं बी सारखेच," अक्का म्हणाली. "एकाला वयाचं भान नाही, एकाला कामाचं."

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर दुपारी फोन आला. उस्ताद दुधनीला एका आडतीत गेले होते आणि दुकानात मी एकटा. डांबर मऊ झालेलं, रस्त्यावर कुत्रंबी नाही.

"मशीन बंद पडतंय रे," अक्का म्हणाली. "टीं टीं वाजतंय, लाल दिवा लागतोय आणि बंद. थोडं थांबून लावलं की दहा मिनिटं चालतंय. परत बंद."

"आतला पंखा चालू हाय का?"

"चालू आहे की. लई जोरात आहे. पहिल्यापेक्षा जोरात."

"फोन मशिनीजवळ धरा."

मी डोळे मिटले. पलीकडून एक आवाज आला, बारीक, उंच, गुळगुळीत. 'ईंऽऽऽ.' कुठं किरकिर नाही, कुठं अडखळणं नाही. असा स्वच्छ आवाज मी महिन्याभरात ऐकला नव्हता. लगेच तो काढून दाखवलाबी, फोनवरच. "अस्साच ना? मग पंखा ए-वन हाय, अक्का. लाइटीचा प्रॉब्लेम असंल. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतंय. स्टॅबिलायझरवर लावून बघा."

"नक्की?"

"माझा कान हाय, अक्का."

फोन ठेवला आणि तो आवाज पुन्हा एकदा काढला. बारावा. माझ्या यादीत नव्हता.

अर्ध्या तासानं परत फोन. ह्या वेळी अक्काचा आवाज खाली गेला होता. घाबरलेलं माणूस ओरडतं असं मला वाटायचं. ती कुजबुजत होती, बहुतेक तातांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"स्टॅबिलायझरवर लावलं. पाच मिनिटात बंद. आता ऑक्सिजनचा सिलेंडर लावलाय. तो अर्धाच होता. सिलेंडरवाल्याची गाडी माळशिरसकडं गेलीय, संध्याकाळी येतो म्हणतोय. तू ये."

उस्तादांना फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. शटर ओढलं, हत्यारांची पिशवी उचलली, जाता जाता टेबलावरची ती टॉवेलची पिशवीबी आत कोंबली. का कोंबली, माहीत नाही. हात गेला. स्कूटरचं सीट एवढं तापलं होतं की मी उभ्यानंच चालवली.

जिना चढून वर गेलो. ताता पलंगावर वाकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर रोवलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या. नळी सिलेंडरला. मशीन कोपऱ्यात गप. त्याला निळा टॉवेलचा झगा शिवलेला, कडेला पांढरी झालर, नळी जायला भोक, बटणाला खिडकी.

"हे कधी शिवलं?"

"तू गेलास त्याच दिवशी. तूच म्हणालास ना, धूळ जाऊ नये म्हणून? जाळीला तर दुहेरी लावलंय." मग लगेच, "पण काढून बघितलं मी. काढलं तरी बंदच पडतंय."

मग अक्कानं मला सिलेंडरजवळ नेलं. मीटरच्या काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली होती. तिच्या कपाळावर नुसता पांढरट गोल राहिला होता.

"डॉक्टरांशी बोलले," ती म्हणाली. "मशीन सुरू होत नसेल तर पेशंटला घेऊन या म्हणालेत. पण वाटेत ऑक्सिजन बंद होता कामा नये. जिना उतरायचा, रिक्षा, ट्रॅफिक, तिथला जिना. त्याला एवढा लागेल असा अंदाज केलाय." तिनं टिकलीवर बोट ठेवलं. "काटा हितं आला की निघायचं. रिक्षा खाली उभी आहे. तोपर्यंत तुझं."

काटा टिकलीपासून दोन बोटं लांब होता.

मी मांडी घातली आणि झगा काढला. माझा व्होल्टमीटर लावून बघितलं, लाइट व्यवस्थित, म्हणजे फोनवर मी जे सांगितलं ते पहिल्याच मिनिटाला खोटं निघालं. मागचा पत्रा खोलला. आत हात घातला तर वाफ. मशीन चालू केलं, ब्लोअर फिरायला लागला. 'ईंऽऽऽ.' तोच बारीक, उंच, सुंदर आवाज.

"फिरतोय की," मी म्हणलं.

"फिरतोय हे मला बी दिसतंय," अक्का म्हणाली.

कॉम्प्रेसर बघितला, वायरी बघितल्या, तापमान ओळखणारा बारका पार्ट बघितला. सगळं जिथल्या तिथं. पाच मिनिटांनी 'टीं टीं टीं', लाल दिवा, बंद. काटा दीड बोटावर.

मला घाम फुटला. गरमीचा निराळा असतो, हा निराळा होता. डोक्यात एकच चाललं होतं. पंखा एवढा जोरात फिरतोय, मग तापतंय कसं? पंखा नवीन, आवाज स्वच्छ, म्हणजे चूक दुसरीकडंच. मी बोर्ड काढायला घेतला. बोर्ड काढायचा म्हणजे आठ स्क्रू आणि अकरा वायरी, आणि परत जोडायच्या. तेवढा वेळ नाही हे मला कळत होतं, पण हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती.

"एमयिंदी?" अक्का तेलुगूत म्हणाली, काय झालं म्हणून. मला नाही, तातांना. ते पलंगाच्या कडेवर बोटं आपटत होते.

तातांनी माझ्याकडं बघून हात केला. थांब. मग मशिनीकडं बोट. चालू कर.

"मामा, त्याला काम करू द्या," अक्का सासऱ्यांना म्हणाली.

त्यांनी परत बोट केलं. जोरात. मी मशीन चालू केलं. 'ईंऽऽऽ.' तातांनी कान दिला आणि मान हलवली, नाही. मग जिभेनं सुरू केलं. 'टॉक-टक, टॉक-टक.' जड, दमदार, ओझं ओढल्यासारखं. मला वाटलं म्हातारा भ्रमात गेला, आपला तो जुना खेळ खेळतोय. ते थांबले. आणि मग दुसरा आवाज काढला. 'टक-टक-टक-टक.' हलका. भराभर. मोकळा. आणि दोन्ही हात समोर धरून, कापड गुंडाळल्यासारखे फिरवून, तळवे उघडे करून दाखवले. रिकामे.

"कांडी," ते म्हणाले. श्वास घेतला. "संपली."

मला समजेना. अक्काला समजलं. ती भराभरा म्हणाली, "अरे, जुन्या मागाचं सांगतायत ते. धोट्यातली कांडी संपली, म्हणजे आडवा धागा संपला, आणि माग आपोआप थांबला नाही, तर तसाच पळत राहतो. धागा ओढायचं ओझं नाही ना. आवाज उलट छान येतो, हलका. नवीन माणसाला वाटतं माग मस्त चाललाय. पण कापड होत नाही. नुसता पळतो."

मी तातांकडं आणि ब्लोअरकडं आळीपाळीनं बघितलं. बारीक आवाज. उंच आवाज. पहिल्यापेक्षा जोरात. ओझंच नव्हतं त्याला.

झालरीचा एक सुटा दोरा तोडला आणि ब्लोअरच्या तोंडासमोर धरला. दोरा उभाच्या उभा लोंबत राहिला. हललासुद्धा नाही. एवढा ईंऽऽ करणारा पंखा, आणि त्याच्या तोंडात फुंकर नव्हती. वारा ओढायलाच मिळत नव्हता, म्हणून पाती मोकळीच पळत होती, आणि त्या पळण्याला मी फोनवर ए-वन म्हणालो होतो.

हत्यारांच्या पिशवीतून टॉवेलची पिशवी काढली, चपटी केली, रबरानं बांधली. चिमटा फरशीवर वाजवत मोजायला लागलो. एक. दो. तीन. मराठीतबी मोजता आलं असतं, पण तोंडातून उस्तादच आले. तीसपर्यंत मोजलं. पिशवी पडल्या जागी पडून.

"काटा," अक्का म्हणाली. "एक बोट."

ब्लोअर बाहेर काढला. ओढायच्या भोकावर माझा स्पंज होता. होता म्हणजे, आता तो स्पंज राहिलाच नव्हता. निळ्या रुईचा जाड थर बसून दाबून गच्च झालेला, मेंढीच्या पाठीवर पावसात भिजून वाळलेली लोकर असते तसा. निळी रुई. झगा निळा. नवा टॉवेल किती रुई सोडतो हे सोलापुरात पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. अक्कानं मशिनीला धूळ लागू नये म्हणून नवा टॉवेल नेसवला, जाळीवर दुहेरी, आणि मशीन पंधरा दिवस तोच टॉवेल ओढत बसलं. बाहेरच्या जाळीतून बारीक रुई आत आली आणि माझ्या स्पंजनं ती सगळी पकडून ठेवली. स्पंज नसता तर एवढी कोंडी झाली नसती. झगा नसता तर एवढी रुई आली नसती. आम्ही दोघांनी मिळून मशिनीचं नाक दाबलं होतं, काळजीनं.

मी स्पंज उपटला. बाहेरच्या जाळीवरची रुई ब्रशनं ओरबाडली, पातीत अडकलेली चिमट्यानं ओढली. एक स्क्रू पडून पलंगाखाली गेला, तो सोडून दिला. ब्लोअर जागेवर बसवला आणि चालू केला.

'भर्रर्रर्र.'

आवाज खाली आला. जाड, खरखरीत, गलबल्यासारखा. महिन्याभरात एवढा घाणेरडा आवाज ऐकला नव्हता. पिशवी बांधली. एक, दो, तीन, चार. पाचाला ती हलली, साताला ताठ उभी राहिली. पत्रा लावून परत मोजलं. नऊ.

"झालं?" अक्कानं विचारलं.

तोंडावर 'ए-वन' आलं होतं. गिळलं.

"वारा येतोय, अक्का. आता तापतंय का न्हाय ते चालवल्याबिगर कळणार न्हाय."

"किती वेळ?"

"आधी दहा मिनटात बंद पडत होतं. सुरुवातीला ऑक्सिजन पुरता यायला बी थोडा वेळ लागतोय."

काटा टिकलीच्या कडेला टेकला होता. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. अक्का माझ्याकडं बघत उभी राहिली. ती काय विचारणार हे मला माहीत होतं, आणि ती विचारू नये असं वाटत होतं.

"सकाळी फोनवर पंखा चांगला आहे म्हणालास, तो कान आणि हा कान एकच ना?"

दुपार होती ती, सकाळ नव्हती, पण चूक काढायची माझी हिंमत नव्हती.

"एकच. चुकला होता त्यो. मी चुकीचं सांगितलं, अक्का. स्पंज बी मीच लावला होता, कुणाला न विचारता." मग पिशवी उचलून धरली. "पण ही माझा कान न्हाय. हिला वारा आला तरच ही उभी राहतीय."

तिनं तातांकडं बघितलं. ताता ब्लोअरकडं कान लावून होते. त्यांनी एकदाच जिभेनं वाजवलं. 'टॉक-टक.' जड.

अक्का खिडकीत गेली आणि खाली ओरडली, "थांब जरा, दहा मिनिटं. जाऊ नको हं." मग सिलेंडर चालूच ठेवून ती मशिनीचा हिरवा दिवा लागायची वाट बघत बसली. काटा टिकलीखाली शिरला. अर्धी टिकली. हिरवा दिवा लागला. तिनं नळी मशिनीला जोडली, सिलेंडर बंद केला, आणि हात सिलेंडरच्या चावीवरच ठेवला.

त्यानंतरचा वेळ मी आयुष्यात एकदाबी कुणाची नक्कल न करता काढला. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा मी कधी एवढा बघितला नव्हता. पाच मिनिटं. सात. नवव्या मिनिटाला मी मशिनीवर तळहात ठेवला. कोमट. तोंडासमोर दोरा धरला, तो आडवा झाला आणि फडफडत राहिला. दहा. अकरा. तातांचे खांदे थोडे खाली आले. पंधराव्या मिनिटाला अक्कानं चावीवरचा हात काढला आणि बोटं उघडमीट केली, मुंग्या आल्या असाव्यात.

"रिक्षावाल्याला चहा देऊन या," ती मला म्हणाली. 'ये' म्हणायच्या ऐवजी 'या' म्हणाली. हा मान होता की टोमणा, मला आजबी ठरवता आलेलं नाही.

मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो. दर अर्ध्या तासाला पिशवी लावायचो. सिलेंडरवाला माळशिरसहून आला, भरलेला ठेवून जुना घेऊन गेला. टिकली काचेवर तशीच राहिली आणि त्याच्याबरोबर गेली. अक्काच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "गेली बघ," म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

झग्याचं काय करायचं, तर ताता म्हणाले, "कापू नको." तो टीव्हीला घातला. टीव्हीचा जुना फ्रिजवर चढला. मशीन तेवढं त्या घरात उघडं राहिलं.

निघताना जिन्यात अक्का म्हणाली, "नक्कल छान करतोस. आता जरा दुरुस्ती बी शिक."

उस्ताद रात्रीच्या गाडीनं आले. सकाळी मी सगळं सांगितलं, स्पंजापासून फोनपर्यंत. वाटलं होतं आता सांगोल्याची गाडी आणि शेळ्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. असं ते फार कमी वेळा करायचे.

"वो आवाज निकाल," ते म्हणाले. "जो फोन पे सुना था."

मी काढला. 'ईंऽऽऽ.'

"अब दूसरा. थैली भरने के बाद का."

'भर्रर्रर्र.'

"फिर से. दोनों."

पानवाल्यासमोर, रस्त्यावर माणसं थांबून बघत असताना त्यांनी मला ते दोन आवाज दहा-बारा वेळा काढायला लावले. हसायला कुणाचीच हिंमत झाली नाही. मग चष्मा परत कपाळावर. "हौ. अब याद रहेंगा."

राहिलंय. अजून फोन येतात, अजून लोक सांगतात, पंखा मस्त चाललाय, पहिल्यापेक्षा जोरात. ते ऐकलं की माझ्या डोळ्यासमोर अर्धी टिकली येते.

"फोन मशिनीजवळ नेऊ नका," मी सांगतो. "घरात टॉवेलची एखादी पिशवी असंल बघा. ती घ्या, आणि मी सांगतो तसं मोजा."